पाककृतीत 'शिळा पाव' म्हटलंय, तर तो शिळाच हवा का?

चिमूटभर
सध्या देशोदेशींच्या घरगुती जेवणाच्या कृती वाचायचा नाद लागलाय. हॉटेलातले पदार्थ नव्हेत, घरात रोज शिजतं ते. वाचताना एक गोष्ट सारखी आडवी येते. इटलीतल्या टस्कनीची पान्झानेल्ला (पाव-टोमॅटोची कोशिंबीर) काढा, स्पेनचं मिगास (लसणीवर परतलेला पाव) काढा, लेबनॉन-सीरियाचं फत्तूश (पावाचे तुकडे घातलेली कोशिंबीर) काढा. साहित्यात पाव आहेच, आणि तो कालचा किंवा परवाचा. मेक्सिकोच्या चिलाकिलेसना टॉर्टिया (मक्याच्या पोळ्या) कालच्या हव्यात, फिलिपिन्सच्या सिनांगागला (लसणीच्या परतलेल्या भाताला) भात कालचा हवा.

शंका अशी की यात खरंच काही तथ्य आहे, की सगळं 'आजीच्या हातची चव' छापाचं? ताजा पाव मंद ओव्हनमध्ये ठेवला तर तासाभरात खडखडीत होतो. मग दोन दिवस वाट कशाला बघायची? माझं मत विचाराल तर निम्मं तरी नुसतं हळवेपण आहे. पण इथली बरीच मंडळी त्या त्या देशांत राहून, रांधून, खाऊन आलीयेत. मत बदलायला तयार आहे. कृतीपेक्षा घरात खरंच काय करतात ते लिहिलंत तर जास्त आवडेल.

झारा
मी सर्रास ताजा वापरतो. अजून तरी कोणी पकडून नेलं नाही.

उतू_नको
वाचतेय. चांगला विषय.

रवाळ
चिमूटभर, वाळलेला पाव आणि शिळा पाव यांत फरक आहे. बूसँगो नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८५२ सालीच दाखवून दिलं होतं की पाव बंद करून ठेवला, त्यातलं पाणी उडू दिलं नाही, तरी तो शिळा होतोच. वर गंमत म्हणजे तोच पाव गरम केला की पुन्हा मऊ पडतो. ही सगळी स्टार्चची करामत. भाजताना स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात, त्यांची आतली घडी मोडते. गार झाल्यावर ते रेणू हळूहळू परत एकमेकांना चिकटून रांग धरतात आणि पाव ताठ, वातड होतो. हे काम फ्रीजच्या थंडाव्यात सगळ्यांत झपाट्याने होतं. म्हणून पाव एकतर बाहेर ठेवावा, नाहीतर थेट फ्रीझरमध्ये. मधल्या कप्प्यात ठेवणारे लोक माझ्या डोक्यात जातात.

आता तुमचा प्रश्न. फत्तूशमध्ये पाव शेवटी तळतात किंवा भाजतातच, त्यामुळे तिथे ओव्हन बेलाशक चालेल. भाताला मात्र ही पळवाट नाही. ताजा गरम भात कढईत टाकला की वाफ सुटते, दाणे चिकटतात, गिच्च गोळा होतो. गार होऊन ताठलेला दाणाच फडफडीत परतला जातो. म्हणजे पदार्थागणिक उत्तर वेगळं.

झारा
मधला कप्पा: मी.

सांडशी
पोर्तुगालमध्ये काही वर्षं काढलीत, त्यातला बराच काळ आलेंतेझूमध्ये, म्हणजे दक्षिणेच्या कोरड्या, गव्हाच्या मुलखात. तिकडचा पाव म्हणजे जड, जाड सालीचा, किंचित आंबूस गोळा. फडक्यात गुंडाळून ठेवतात आणि आठवडाभर कापत राहतात. पहिल्या दिवशी लोण्याबरोबर, मग सूपबरोबर, आणि कापताना सुरी अडायला लागली की आसोर्दा.

आसोर्दा कशी करतात ते घरमालकिणीकडे उभं राहून पाहिलंय. खलबत्त्यात लसूण, जाडं मीठ आणि मूठभर कोथिंबीर, देठांसकट. हिरवा चिकट लगदा होईपर्यंत कुटायचं. तो मोठ्या वाडग्याच्या तळाशी, त्यावर ऑलिव्ह तेल, हात न आखडता. दुसरीकडे पाण्यात अंडी फोडून शिजवायची आणि तेच उकळतं पाणी वाडग्यात ओतायचं. त्या क्षणी जो वास सुटतो तो इथे लिहून कळणार नाही. पाव सगळ्यांत शेवटी, हाताने तोडून. वर अंडं. लगेच खायचं, बोलत बसायचं नाही. घरमालकीण फोनवर बोलणाऱ्या नवऱ्याच्या हातातून फोन काढून घ्यायची.

मुद्दा असा की याच पाण्यात ताजा पाव टाकला तर दोन मिनिटांत खळ होते. तिथला शिळा पाव पाणी पितो, पण तुकडा तुकडाच राहतो. चिमूटभर, तुम्ही कोणता पाव वापरताय ते आधी सांगा. दुधाचा, मऊ, कापलेला मिळतो तो असेल तर शिळा करा, वाळवा, उन्हात घाला, काही उपयोग नाही.

चिमूटभर
तोच. 🙈

सांडशी
मग धागा इथेच संपतो. हलकेच घ्या.

तळटीप
संपत नाही. प्रश्नच मला उलटा वाटतोय.

'शिळा का हवा' असं आपण विचारतो, कारण आपल्याला ताजा पाव रोज मिळतो. या कृती ज्या घरांत जन्मल्या तिथे ताजा पाव ही अपवादाची गोष्ट होती. ओव्हन तापवायला सरपण लागतं, माणसं लागतात, दिवस मोडतो. टस्कनीच्या शेतघरांत आठवड्यातून एकदा पाव भाजत. पश्चिम फिनलंडमध्ये मधोमध भोक असलेले राईचे पाव एकदम भरपूर भाजून छताखालच्या दांड्यांवर ओवून वाळवत, ते महिनोन्‌महिने पुरत. आर्मेनियात लवाश सुकवून चळतीने रचून ठेवतात आणि लागेल तसं पाणी शिंपडून मऊ करतात. इथियोपियात इंजेराचे तुकडे वाळवून प्रवासाला बरोबर नेतात. अशा घरात 'पाव' म्हटलं की तो शिळाच. 'कालचा' हे विशेषण नंतर आलं, कृती छापायला लागल्यावर, शहरातल्या वाचकासाठी.

तेव्हा हळवेपणाचा आरोप मला पटत नाही. पण दुसरा एक हळवेपणा आहे आणि तो जास्त खटकतो. 'गरिबांचं साधं, सात्त्विक जेवण' म्हणून आज टस्कनीत पर्यटकांना रिबोल्लीता वाढतात. मूळ प्रकार म्हणजे पांढऱ्या घेवड्याचं आणि काळ्या केल या पालेभाजीचं आदल्या दिवशीचं उरलेलं सूप, त्यात पाव घालून दुसऱ्या दिवशी पुन्हा शिजवलेलं. ते लोक हौसेने खात नव्हते. जमीन दुसऱ्याची, पिकाचा निम्मा वाटा मालकाचा, मांस सणासुदीला. त्यांना कोणी विचारलं असतं तर ताजा पाव आणि भाजलेलं डुक्कर मागितलं असतं.

उतू_नको
तळटीप, पहिला परिच्छेद फार आवडला. दुसऱ्याशी पूर्ण सहमत नाही. नाइलाजाने सुरू झालं म्हणून ते चवीने करत नव्हते असं कुठे आहे? कमी साहित्यात चव आणायची तर हातात जास्त कसब लागतं. आसोर्दात काय आहे, लसूण आणि पाणी!

तळटीप
कसब होतंच. ते मी नाकारत नाहीये. पण कसब कोणाचं आणि कालचं वाढलं जायचं कोणाच्या ताटात, हेही बघा. ती यादी कुठल्याच पाककृतीत नसते.

परतवारी
चिलाकिलेसबद्दल लिहिते, मेक्सिकोत सासर आहे. टॉर्टिया कालचीच हवी, आणि कारण अगदी व्यवहारी आहे. ताज्या टॉर्टियात ओलावा जास्त, तेलात टाकली की तडतड उडते, तेल पिते आणि तरी मधे चामट राहते. कालची कात्रीने त्रिकोणी कापायची, तळायची, मग उकळत्या साल्सात, म्हणजे पातळ चटणीत, टाकायची. आमच्याकडे हिरवा साल्सा: तोमातियो (हिरव्या टोमॅटोसारखं आंबट फळ), हिरवी मिरची, कांदा, लसूण उकडून वाटलेला, त्यात एपासोते नावाच्या उग्र पाल्याची एक काडी. टॉर्टिया साल्सात किती वेळ ठेवायची यावर घरात दोन तट आहेत. सासऱ्यांना कुरकुरीत लागते, सासूबाईंना मुरलेली. त्यामुळे दोनदा वाढप होतं: आधी ते, मग त्या. वरून आंबट साय, ताजं पांढरं चीज, कांद्याच्या चकत्या. ही न्याहारी.

जाता जाता, टॉर्टियाचा खरा चमत्कार शिळेपणात नाही, त्याआधीच होऊन गेलेला असतो. मका चुन्याच्या पाण्यात उकळून रात्रभर तसाच ठेवतात, सकाळी धुऊन दळतात. साल सुटते, पीठ चिकट होऊन लाटलं-थापलं जातं आणि मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळतं. मका युरोपात गेला, ही कृती मात्र त्याच्याबरोबर गेली नाही. उत्तर इटलीत केवळ पोलेंतावर (मक्याच्या घट्ट लापशीवर) जगणाऱ्या शेतमजुरांना पेलाग्रा, म्हणजे नायसिनच्या अभावाचा आजार, झाला. अमेरिकेच्या दक्षिणेत तर विसाव्या शतकातही तो होता. डॉ. गोल्डबर्गर यांनी १९१४ पासून तिथे काम करून हा संसर्ग नसून आहाराचा प्रश्न आहे हे दाखवलं, तरी लोक ऐकेनात. नायसिनचा उलगडा १९३७ साली झाला. मेक्सिकोतल्या बायका हजारो वर्षं चुना घालतच होत्या.

रवाळ
सुरेख प्रतिसाद. हा वेगळा धागा व्हायला हवा.

झारा
दोनदा वाढप? सासूबाईंचा नंबर नंतर? तळटीप, इकडे लक्ष द्या.

परतवारी
अहो, मुरायला वेळ लागतो म्हणून नंतर. आणि सासरे वाढतात त्यांना. हलके घ्या.

ओलंसुकं
पावाचं खूप झालं, भाताकडे वळू. शांघायमध्ये पाओफान करतात. कालचा भात, त्यावर गरम पाणी, एक उकळी, झालं. हा पेजेसारखा शिजून एकजीव होत नाही, दाणा वेगळा आणि पाणी वेगळं. सोबत खारवलेल्या भाज्या किंवा आंबवलेला टोफू. जपानमध्ये त्याच धर्तीवर ओचाझुके: भातावर गरम हिरवा चहा नाहीतर दाशी (समुद्री शेवाळ-माशाचं पातळ सार), वर आंबट उमेबोशी (खारवलेलं फळ) किंवा खारवलेल्या माशाचा तुकडा. रात्री उशिरा घरी आलं की हेच. पेरूमध्ये कालचा भात आणि कालचा घेवडा एकत्र चेचून तव्यावर जाड थर भाजतात, ताकू ताकू. कोस्टा रिका आणि निकाराग्वा दोघेही गायो पिंतो आपलाच म्हणतात, तोही भात-घेवड्याचाच. त्या भांडणात पडू नका, मी पडून बघितलंय.

कोरियात उरलेल्या भातात फार आंबलेली किमची (कोबीचं तिखट आंबवण) घालून परततात. इथे दोन्ही गोष्टी जुन्या. ताजी किमची यात चक्क बेचव लागते, तेव्हा चिमूटभर यांच्या प्रश्नाचं यापुरतं उत्तर: हो, जुनीच हवी.

मंद_आच
सगळे रंगात आलेत म्हणून मधे बोलते. कालचा भात म्हणजे *फ्रीजमधला* कालचा भात. रात्रभर ओट्यावर राहिलेला नव्हे. बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू भात शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते रुजतात, वाढतात आणि एक विष तयार करतात. ते विष नंतर कितीही परतलंत तरी नष्ट होत नाही. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये फ्राइड राइस खाऊन उलट्या झाल्याची प्रकरणं लागोपाठ उघडकीला आली. स्वयंपाकघरांत भात उकडून तसाच बाहेर ठेवायची पद्धत होती. तिथला आजचा सरकारी सल्ला: तासाभरात गार करून फ्रीजमध्ये, चोवीस तासांत संपवा, एकदाच गरम करा. पातेल्यात ढीग तसाच ठेवला तर मधला भात तासन्‌तास कोमट राहतो. परातीत पसरा.

झारा
पिढ्यान्‌पिढ्या लोक खातायत, काही होत नाही.

मंद_आच
ज्यांना झालं ते 'काल काहीतरी बाधलं' म्हणून दोन दिवस झोपून राहिले. भातावर संशय कोणी घेतला नाही.

सांडशी
मंद_आच यांना +१. हे मस्करीवारी नेऊ नका.

ओलंसुकं
मान्य. फ्रीजमधलाच म्हणायचं होतं.

केशरकाडी
अवांतर होईल, पण भाताचा विषय निघालाय आणि खरवडीचं नाव कोणी काढलं नाही? जगभर घराघरांत भांडणं होतात ती पातेल्याच्या तळावरून. इराणमध्ये तिला ताहदीग म्हणतात आणि तिथे ती नशिबावर सोडत नाहीत. तांदूळ भिजवून, भरपूर पाण्यात अर्धा कच्चा उकडून निथळायचा. तळाला तेल किंवा तूप, त्यात केशराचं पाणी आणि दह्यात कालवलेला थोडा भात (किंवा लवाशचा तुकडा, किंवा बटाट्याच्या चकत्या). उरलेल्या भाताचा वर डोंगर, डोंगराला चमच्याच्या दांड्याने भोकं. झाकणाला फडकं गुंडाळायचं, म्हणजे वाफेचं पाणी परत भातावर टपकत नाही. सुरुवातीला मोठी आच, मग अगदी बारीक. कान देऊन ऐकावं लागतं: तडतड थांबून मंद चुरचुर आली की झालं. पातेलं उपडं केल्यावर ताहदीग अखंड निघाली तर त्या दिवशी घरात कोणी कोणाला बोल लावत नाही. पाहुण्याला पहिला तुकडा.

ओलंसुकं
कोरियात तळाला लागलेला भात म्हणजे नुरुंगजी. त्याच भांड्यात पाणी ओतून उकळतात आणि जेवणानंतर ते खरपूस पाणी पितात. भांडंही आपोआप सुटतं. इलेक्ट्रिक कुकर आले आणि तळ लागणंच बंद झालं, आता नुरुंगजी पाकिटात विकत मिळते!

उतू_नको
डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये कोन्कोन, प्वेर्तो रिकोत पेगाओ, स्पेनच्या पाएया या भाताच्या तळाची सोकारात, सेनेगलच्या चेबू जेन या मासे-भाताची खोन्य. सगळ्यांत भारी सेनेगलची, माशाचा आणि टोमॅटोचा सगळा अर्क तळाशी उतरलेला असतो. यावर वाद होणार नाही.

केशरकाडी
होणार. केशर आहे का त्यात?

झारा
मी पॉपकॉर्न घेऊन बसलोय. कालचे.

रवाळ
पाकिटातल्या नुरुंगजीवरून आठवलं, जर्मनी-ऑस्ट्रियातही शिळा पाव विकत मिळतो. त्याला क्नोडेलब्रोट म्हणतात, छोट्या पावांचे कोरडे चौकोनी तुकडे, खास सेमेलक्नोडेलसाठी. कोमट दूध, अंडं, परतलेला कांदा, पार्सली घालून गोळे वळायचे आणि पाणी खळखळू न देता उकडायचे. चेक लोक पिठाच्या लांबट गोळ्यात जुन्या पावाचे तुकडे मळून तो उकडतात आणि दोऱ्याने कापतात, सुरीने चेपतो म्हणून. तेव्हा चिमूटभर, वाळवलेला पाव शिळ्याच्या जागी चालतो हे तिकडच्या दुकानदारांनी केव्हाच मान्य केलंय.

तळटीप
म्हणजे आधी कारखान्यात ताजा भाजायचा, मग वाळवायचा, मग शिळा म्हणून विकायचा. छान.

वाफाळ
रशियात राहिलेला, त्यामुळे सांगतो: पाव पिऊनही टाकता येतो. काळ्या राईच्या पावाचे तुकडे ओव्हनमध्ये गडद तपकिरी होईपर्यंत भाजायचे, गरम पाण्यात काही तास भिजत घालायचे, गाळून त्यात साखर, थोडं यीस्ट आणि चार मनुका. मनुका वर तरंगल्या की क्वास तयार. आंबटगोड, फसफसणारा, मद्यार्क अगदी नावाला. उन्हाळ्यात त्यातच काकडी, मुळा, उकडलेलं अंडं, बटाटा, शेपू घालून गार सूप करतात, अक्रोश्का. पहिल्यांदा तोंड वाकडं होतं, दुसऱ्या उन्हाळ्यात आपणच मागतो. डेन्मार्कची तऱ्हा उलटी, ते राईचा पाव बिअरमध्ये भिजवून शिजवतात आणि त्याची लापशी सायीबरोबर खातात.

झारा
सकाळी सकाळी बिअरची लापशी. शेवटी एक सुसंस्कृत देश सापडला.

चिमूटभर
बाप रे, केवढे प्रतिसाद! सगळ्यांना धन्स. सांडशींचं ऐकून मऊ पाव सोडला आणि आंबवलेल्या पिठाचा जाड सालीचा पाव आणला. निम्मा फडक्यात ठेवून शिळा केला, निम्मा ताजाच ओव्हनमध्ये वाळवला आणि दोन्हींची पान्झानेल्ला शेजारी शेजारी केली. टोमॅटो, काकडी, लाल कांदा, बेझिल, व्हिनेगर, तेल सगळं तेच.

वाळवलेल्याने रस पटापट ओढला, आणि पहिली पंधरा मिनिटं तोच उजवा होता, कडेला कुरकुरीत, आत ओला. अर्ध्या तासाने मात्र त्याच्या कडा विरघळायला लागल्या आणि शिळ्याचा पोत तसाच टिकला. घरच्यांनी दोन्ही संपवल्या, कोणाला फरक विचारला तर 'यात कांदा जास्त होता का?' असं उत्तर मिळालं. म्हणजे फरक आहे, पण मी म्हटलं होतं तसं निम्मं हळवेपणही आहे, एवढं मी अजून धरून आहे. तळटीप यांचा मुद्दा मात्र डोक्यातून जात नाहीये. ताजा पाव हाच अपवाद, हे मला सुचलंच नसतं.

आता मिगास करायचंय. डुकराचं मांस न घालता होतं का? आणि कृतीत पावावर पाणी शिंपडायला सांगितलंय ते कधी?

सांडशी
पान्झानेल्लाला शिळा पाव आधी पाण्यात भिजवून घट्ट पिळून घेतात, ते केलंत का? केलं नसेल तर ही तुलना अर्धीच.

चिमूटभर
पिळला नाही. आता परत करावी लागणार.

झारा
घरच्यांना कांदा कमी लागेल असं बघा.

वाफाळ
मिगास मांसाशिवाय होतं. लसूण सालीसकट ठेचून ऑलिव्ह तेलात तळायचा, आच बंद करून धुरावलेली लाल मिरचीपूड घालायची (करपली की कडू होते, सांभाळा), मग पाव घालून पुन्हा आच. आणि हलवत राहायचं. अर्धा तास तरी. हात दुखला की दुसऱ्याला बोलवायचं, ते मेंढपाळांचं जेवण आहे, एकट्याने करायचं नाहीच. सोबत गार द्राक्षं हवीतच, खारट-तेलकट घासावर द्राक्ष फुटलं की मांस आठवत नाही.

पाणी आदल्या रात्री. मिठाचं, हाताने शिंपडायचं, ओतायचं नाही. फडक्यात गुंडाळून ठेवा. सकाळी मुठीत दाबलं तर गोळा व्हावा आणि बोट लावलं की सुटावा, इतपतच ओल.